आमच्या सौ. मालतीबाई

एका ऑफिसात चार माणसं वर्षानुवर्षं समोरासमोर बसली की किस्से आपोआप साठतात. झाडून काढायला कुणाला वेळ नसतो, मग ते कोपऱ्याकोपऱ्यात वाढतच जातात! ठाण्याला आमच्या बायकांच्या मासिकाचं ऑफिस होतं तेव्हाच्या या गोष्टी. स्वातंत्र्य अजून नवं होतं. संपादक तात्या, लेखक करंदीकर, प्रूफं तपासणारे वामनराव आणि अंकांवर पत्ते चिकटवणारी मी. बायकांच्या मासिकात बाई म्हणाल तर मी एकटीच, आणि मला कुणी काही विचारत नसे!

*

मासिक खपायचं ते ‘सौ. मालती करंदीकर’ यांच्या सदरावर. सासू, जावा, पापड, बाळंतपण, बाईंना सगळं ठाऊक. या बाई म्हणजे आमचे दामोदर करंदीकर! लग्न व्हायचं होतं आणि चहासुद्धा आईच्या हातचा प्यायचे. “पुरुषाने दिलेला सल्ला कोण बाई ऐकेल?” म्हणून तात्यांनीच ते नाव घ्यायला लावलेलं.

एकदा त्यांनी ‘माझं तिसरं बाळंतपण’ असा लेख ठोकून दिला. कल्याणला त्यांच्या आईने तो वाचला, डोळे पुसले आणि लेकाला म्हणाली, “बघ दामू, आपल्याच आडनावाची आहे, पण याला म्हणतात अनुभव! नाहीतर तू, नुसता खरडत बसतोस.”

*

डोंबिवलीच्या महिला मंडळाला मालतीबाई व्याख्यानाला हव्या होत्या. निरोपावर निरोप यायला लागले. मंडळाच्या सगळ्या बायका आमच्या वर्गणीदार, त्यामुळे नाही म्हणायची सोय नव्हती.

मी म्हटलं, “मी जाऊ का मालतीबाई होऊन?”

तात्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. “तुम्ही बाई दिसता हो, पण लेखिका नाही दिसत!”

तेवढ्यात कोपऱ्यातून वामनराव म्हणाले, “लुगडं माझ्याकडे आहे.”

वामनराव एके काळी नाटक कंपनीत नायिकेचं काम करायचे. पुढे स्टेजवर बायकाच कामं करायला लागल्या आणि कंपनीने यांना नारळ दिला. तेव्हापासून हा माणूस विझल्यासारखा प्रूफं वाचत बसायचा. व्याख्यानाच्या दिवशी नऊवारी नेसून ते आतल्या खोलीतून बाहेर आले आणि तात्या चटकन खुर्चीतून उठून उभे राहिले.

“बसा हो बाई,” असंसुद्धा म्हणाले!

*

व्याख्यान झकास झालं. करंदीकरांनी लिहून दिलेलं भाषण मालतीबाईंनी पिशवीतच ठेवलं आणि बायकांशी सरळ गप्पाच मारल्या. गडबड केली ती पोलक्याने. कंपनीच्या काळातलं ते जुनं पोलकं, हात जरा वर केला तशी काखेत टर्रकन उसवलं. नवं शिवायचं तर शिंप्याला माप द्यायला हवं, म्हणजे गावभर बोभाटा! मालतीबाईंनी पदर दोन्ही खांद्यांवरून घट्ट लपेटून घेतला तो शेवटपर्यंत.

बायका एकमेकींना म्हणाल्या, “एवढी मोठी लेखिका, पण किती घरंदाज!”

परत आल्यावर तात्यांनी पाठ थोपटली. “वा वामनराव, काय सोंग वठवलंत!”

वामनराव बांगड्या उतरवत होते. “सोंग तर मी रोज करतो तात्या, धोतर नेसून. आज कितीतरी दिवसांनी मी मीच होते,” असं म्हणून ते परत प्रूफांवर वाकले. तात्यांनी उगाचच खिडकी उघडली.

*

मग काय, मालतीबाईंना दर महिन्याला बोलावणी! संक्रांतीच्या हळदीकुंकवात बायकांनी हट्टच धरला, “नाव घ्या, नाव घ्या!” करंदीकरांनी आडनाव स्वतःचं दिलेलं, तेव्हा नवराही तयारच होता. मालतीबाई लाजल्या आणि म्हणाल्या,

“चुलीवरच्या दुधाला फुंकर घालते हळू,
दामोदरपंतांचं नाव घेते, नका मला छळू!”

टाळ्यांचा कडकडाट झाला. नेमकी त्याच आठवड्यात कल्याणला दामूसाठी एक मुलगी जवळजवळ ठरली होती, आणि तिची मावशी त्या हळदीकुंकवात बसलेली! मुलीचे वडील तडक करंदीकरांच्या घरी आले.

“पहिली बायको घरात असताना दुसरी करता? आणि पहिलीची तर तीन बाळंतपणं झालेली!”

*

करंदीकर भडकले. “बास! डोंबिवलीच्या पुढच्या सभेत उभं राहून सगळं सांगणार आहे मी. मालतीबाई संपल्या!”

वामनरावांनी प्रूफं बाजूला सारली. “लिहिणं तुमचं, नाव तुमचं, सगळं तुमचं करंदीकर. पण ती बाई माझी आहे हो. तेवढी ठेवा.” करंदीकरांनी ऐकून घेतलं नाही.

मालतीबाई सभेत बोलायला उभ्या राहिल्या आणि मागच्या रांगेतून करंदीकर ओरडले, “ते सगळे लेख मी लिहितो! मी, दामोदर करंदीकर!”

सगळ्या माना मागे वळल्या. मालतीबाईंनी पदर आणखी घट्ट ओढून घेतला. मंडळाच्या अध्यक्षा अंबूताई चष्मा सावरत उठल्या.

“बसा हो दामोदरपंत. बायको लिहायला लागली की सगळ्याच नवऱ्यांना असं वाटतं!”

हसून हसून बायकांची मुरकुंडी वळली. “अहो, पण ही बाई...” करंदीकर म्हणायला लागले.

“ही बाई बोलतेय,” अंबूताई म्हणाल्या, “आणि तुम्ही मधे मधे बोलताय. बसा.”

*

त्या दिवशी सभेनंतर अंबूताईंनी मालतीबाईंची ओटी भरली. मंडळाच्या शिवणवर्गातल्या बायका भोवती गोळा झाल्या होत्या. तांदूळ घातले, नारळ घातला, वर खण ठेवला. मी शेजारीच उभी होते. ओटीत खण घालतात तो न शिवलेला. हा शिवलेला होता. चांगलं अस्तर लावलेलं, तयार पोलकं!

मालतीबाई त्याच्याकडे बघतच राहिल्या. अंबूताईंनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं आणि हळूच म्हणाल्या, “माप नुसत्या नजरेने घेतलंय हो. खांद्यात दोन बोटं जास्त धरलंय. पुढच्या वेळी पदर मोकळा सोडून बसा, मालतीबाई.”