इंद्रवेल्लीजवळ सापडलेली शीर

पैनगंगेचा पूल ओलांडला आणि पाट्यांवरची अक्षरं तेलुगू झाली. माझं लक्ष मात्र मांडीवरच्या थंड डब्याकडे होतं. त्यात बर्फाच्या पिशव्यांमध्ये फॅक्टरचा एकच डोस होता. माझ्या नवऱ्याला, श्रीकांतला, हिमोफिलिया आहे. त्याचं रक्त सहजी गोठत नाही. मुका मार लागला तरी सांध्यात आतल्या आत रक्त साचत जातं आणि फॅक्टर, म्हणजे रक्त गोठवणारं औषध, शिरेतून दिल्याशिवाय थांबत नाही.

"प्रवासाला निघालीस की रुखवत घेऊन?" तो डब्याकडे बघून म्हणाला. याला थट्टा सुचते, इथे माझा जीव टांगणीला!

गुडीहत्नूरला हायवे सोडून आम्ही इंद्रवेल्लीच्या रस्त्याला लागलो. तिथल्याच एका खेड्यात त्याच्या मामी राहतात. कापसाची पहिली वेचणी होती आणि सीतादहीला (वेचणीआधी शेतात दहीभात वाहून करायची पूजा) भाच्यानं यायलाच हवं, असा मामींचा हट्ट. दोन्हीकडे फुटलेला कापूस, मागे सागाचं रान. सुंदर होतं हो सगळं, पण मी निम्मा रस्ता खड्ड्यांवर नजर ठेवण्यात घालवला.

पूजा झाली, भाकर आणि अंबाडीची भाजी खाऊन झाली, आणि परतताना आमचे साहेब धुऱ्यावरून (बांधावरून) घसरले. गुडघा नेमका दगडावर. घरी येईस्तोवर पँट गुडघ्याशी घट्ट झाली होती.

मी औषध मिसळलं आणि कोपराशी सुई घातली. शीर फुटली, तिथली जागा फुगून निळी पडली. दुसऱ्या हाताचंही तेच. वर्षानुवर्षं टोचून त्याच्या शिरा टणक झाल्यात, सुई धड आत जातच नाही. मिसळलेलं औषध फार वेळ टिकत नाही, आदिलाबादचा दवाखाना लांब. डब्यातला बर्फ केव्हाच वितळला होता. निदान गुडघ्याला बर्फ तरी लावू म्हणून मी कोपऱ्यावरच्या दुकानात धावले.

"बरफ काऊन पायजे, बाई?" दुकानदारानं विचारलं.

"गुडघा सुजलाय."

"सुजीले बरफ? आमी तं शेकतो!"

वाद घालायला वेळ कुणाला होता? पिशवी घेऊन परतले तर काय, मामी तव्यावर एरंडाचं पान तापवून गुडघ्यावर बांधत होत्या! आणि श्रीकांत त्यांचं मन राखायला गप्प.

"सोडा ते, मामी! शेकानं आतलं रक्त आणखी वाहतं!" मी ओरडलेच.

मामींचा चेहरा उतरला. "मले काय ठाऊक, बाई? आमी तं आजवर असंच करून राह्यलो." पान सोडून त्या ते हातात धरूनच बसल्या.

मी बर्फ बांधला, पाय उशीवर ठेवला. मग त्या पानाकडे बघता बघता एकदम सुचलं. उबेनं रक्त वाहतं, तशी शीरही वर येते की!

"मामी, पान परत तापवा. सोसवेल इतपतच."

"आँ? आताच तं वरडली माह्यावर!"

"गुडघ्याला नाही हो, हाताला."

मामी पान गरम करत राहिल्या, मी ते त्याच्या हातावर ठेवत राहिले. हळूहळू पंजाच्या पाठीवर एक बारीकशी शीर उठली. मी श्वास रोखून सुई घातली आणि नळीत लाल रेघ दिसली. औषध सावकाश आत गेलं. त्यानंतर कितीतरी वेळ मी कापूस दाबून बसले होते. संध्याकाळी सूज वाढायची थांबली तेव्हा कुठे मी जेवायला बसले.

आम्ही मुक्काम वाढवला. निघताना मामींनी ओटी भरली. "त्या दिवशी फार ओरडले, मामी," मी म्हटलं.

"त्याचं काई नाई. त्याचं रगत थांबलं, पोरी. तुयं भेव कवा थांबन?"

त्याच्या रक्ताची चौकशी सगळेच करतात. माझ्या भीतीची आजवर कुणी केली नव्हती. गाडी हायवेला लागली आणि मला रडू कोसळलं.

"अगं, आता मी काय केलं?" श्रीकांत म्हणाला.