बेचाळीस टाके

कात्रीमावशीच्या कात्रीला धार होतीच, पण नाव पडलं ते जिभेमुळे. त्रेसष्ट वर्षांची, बिनलग्नाची, चर्चच्या मागच्या गल्लीत एका खोलीत शिवणयंत्र मांडून बसलेली ही बाई निम्म्या गावाची मापं तोंडपाठ सांगायची, आणि कोणाचं पोट किती सुटलंय तेही चारचौघांत. अशा बाईकडे गिरणीवाल्यानं पुरावा मागितला, हे त्याचं धाडसच म्हणायचं.

झालं असं की धर्मग्रामाला सव्वाशे वर्षं पुरी होत होती. सात बिऱ्हाडांनी जंगल तोडून गाव वसवलं, राहती घरं धड नसताना मातीचं चर्च उभारलं, आणि फादर यायला पुढे अकरा वर्षं लागली. आता चर्चच्या दाराशी संस्थापकांची शिळा बसायची होती. तिच्यावर सात नावं, सातही पुरुषांची. गिरणीवाला उत्सवसमितीचा अध्यक्ष. मावशीचं म्हणणं एवढंच की आठवं नाव तिच्या पणजीचं हवं.

“पणजी सुईण होती,” ती बैठकीत उभी राहून म्हणाली. “फादर नव्हते तेव्हा पोरांच्या डोक्यावर बाप्तिस्म्याचं पाणी कोणी घातलं? तिनंच ना?”

“मावशी, घरच्या गोष्टी घरात ठीक,” गिरणीवाला म्हणाला. “दगडावर कोरायचं तर पुरावा लागतो. रविवारी बिशप येताहेत. काही असेल तर त्याच्या आत आणा.”

पणजीला सही करता येत नव्हती. पुरावा आणायचा कुठून? मावशी घरी आली ती तोंड पाडून. आपण गेलो की पणजीचं नाव घेणारं कोणी उरणार नाही, हे तिला लख्ख दिसत होतं.

बुधवारी फादरांनी वेदीमागच्या खोलीतलं जुनं कापड तिच्याकडे धाडलं. जुन्या पेटीत तळाला सापडलेलं, बाळांना बाप्तिस्म्याच्या वेळी गुंडाळायचं. प्रदर्शनात मांडायचं होतं आणि कोपरा उसवला होता. समितीच्या बायका म्हणत होत्या, काठावरची नक्षी बाई सुरेख आहे.

मावशीनं चष्मा लावला, कापड उलटं केलं आणि तिचा हात थांबला. ही कसली नक्षी? नक्षी काढणारी बाई एका दोऱ्यानं ओळ पुरी करते. इथे बारीक क्रूस होते, एका टाक्यावर दुसरा आडवा, आणि प्रत्येकाचा दोरा वेगळा. कुठे जाड सूत, कुठे विटलेलं निळं, कुठे गोणपाटाचा धागा. मागच्या बाजूला प्रत्येकाची गाठ स्वतंत्र. म्हणजे हे एका बैठकीत शिवलेलंच नव्हतं. मावशीच्या घरात मूल झालं की आईच्या कपड्यातला एक दोरा काढून बाळाच्या कापडाला असाच क्रुसाचा टाका घालायची रीत होती. का, ते कोणी विचारलं नव्हतं. पणजीनं लावून दिलेली रीत, एवढंच माहीत.

तिनं क्रूस मोजले. बेचाळीस. पुन्हा मोजले. बेचाळीसच. मग दारही न लावता ती फादरांच्या घराकडे धावत सुटली.

आता गावात एक जुनी चेष्टा होती. बाप्तिस्म्याच्या नोंदवहीतली पहिलीच नोंद त्रेचाळीस क्रमांकाची. पहिल्या फादरांना मोजता येत नव्हतं, असं पिढ्यान्‌पिढ्या ठरून गेलेलं. कोणाचा हिशेब चुकला की लोक म्हणत, हे फादरचं गणित. शंभरावर वर्षं हसण्यात गेली, पण आधीचे बेचाळीस गेले कुठे, असं एकाही शहाण्याच्या मनात आलं नाही.

फादरांनी कापड खिडकीपाशी नेऊन स्वतः मोजलं. मग वही काढून पहिलं पान उघडलं आणि त्रेचाळीसच्या आकड्यावर बोट ठेवलं.

“जीव धोक्यात असेल आणि फादर जवळ नसतील तर कोणीही पाणी घालू शकतं,” ते म्हणाले. “पहिल्या फादरांनी ते मान्य केलं, मावशी. या कापडावरचे क्रूस मोजून पुढचा आकडा टाकला.”

“मग गिरणीवाल्याला बोलवा,” मावशी म्हणाली.

गिरणीवाला पिठानं माखलेला तसाच आला. हातच्या काकणाला आरसा कशाला? त्यानं एकदा काठ बघितला, एकदा वही बघितली, आणि कान पकडला.

“माझे आजोबा अकरा वर्षांच्या आतले,” तो हळूच म्हणाला. “यातला एक त्यांचा असणार.”

“असणारच. गोणपाटाचा बघ,” मावशी म्हणाली. सोडते की काय!

पाथरवटानं तीन दिवस खपून आठवं नाव कोरलं, तेही सगळ्यांच्या वर, कारण खाली जागाच नव्हती. रविवारी बिशपांनी शिळेवरचा पडदा ओढला, सगळे आत आले, आणि मिस्साची उपासना संपताना फादरांनी कापड दोन्ही हातांनी उंच धरलं.

“ज्यांच्या घराण्यातलं कोणी या बेचाळिसांत होतं,” ते म्हणाले, “त्यांनी उभं राहावं.”

मावशी पहिल्या बाकावर होती. ती उठली. मागे एक बाक करकरलं, मग दुसरं, मग एकदम सगळीच. तिनं वळून पाहिलं. गिरणीवाला उभा होता, समितीच्या बायका उभ्या होत्या, काठी टेकत म्हातारे उभे राहिले होते, सुना कडेवरच्या पोरांना वर धरून उभ्या होत्या. चर्चभर बसलेलं माणूस औषधाला उरलं नव्हतं.

“केवढी पोरं गं पणजीची,” मावशी शेजारी उभ्या बाईला म्हणाली, आणि सगळ्या गावासमोर घळाघळा रडली.