नदीपलीकडचा ठिपका

कचेरीत तिला सगळे ठिपकेबाई म्हणत. रानातल्या प्राण्यांची पाहणी करून त्यांचे नकाशे काढणारी ती कचेरी. प्राणी जिथे सापडला तिथे नकाशावर काळा ठिपका द्यायचा, हे काम कितीतरी वर्षं तिच्याकडे होतं. हात स्थिर, पण जीव चिमणीएवढा. पालीला घाबरे, लिफ्टला घाबरे, वरिष्ठांनी नुसतं "जरा येता का" म्हटलं तरी दचके. उंदरांना तेवढी घाबरत नसे. सापळ्यातला उंदीर कापडी पिशवीत घ्यायचा, वजन करायचं, शेपूट मोजायची आणि सोडून द्यायचा, हे तिला भाजी निवडण्याइतकं सोपं वाटे. म्हणायची, "तो एकटाच माझ्याहून भित्रा आहे."

एका सोमवारी नव्या मॅडमनी तिच्या टेबलावर फाइल ठेवली. झुपकेशेपट्याची. हा कडेकपारीत राहणारा रानउंदीर, शेपटीच्या टोकाला पांढरा झुपका असलेला, जगात कुठे कुठे उरलाय याचा नकाशा महिनाअखेरीस पाठवायचा होता.

"सहा ठिपके आहेत," मॅडम म्हणाल्या. "पाच असते तर संकटग्रस्तांच्या यादीत गेला असता आणि तिथल्या डोंगरात दगडखाणीसाठी आलेला अर्ज फेटाळता आला असता. सहाव्यामुळे यादीबाहेर राहिला."

"सहावा कुठला?" तिने विचारलं. उत्तर तिला ठाऊक होतं.

"नदीपलीकडची घळ. तुमचीच नोंद आहे की. अकरा वर्षांपूर्वीची, दोन प्राणी."

मॅडम गेल्या. ठिपकेबाईच्या तळहातांना घाम फुटला होता, कागदाला लागू नये म्हणून तिने ते मांडीवर ठेवले.

अकरा वर्षांपूर्वी त्या घळीत तिने एका संध्याकाळी पत्र्याचे वीस सापळे लावले होते. दुसऱ्या दिवशी पहाटे ती एकटीच तपासायला चढली. ड्रायव्हर खाली जीपमध्ये झोपला होता. अकरा सापळे रिकामे निघाले. बाराव्याकडे जाताना पायाखालची दरड सरकली आणि ती पोटावर घसरत थेट कड्यापर्यंत गेली. एक झुडूप हाताला लागलं म्हणून वाचली. पाय हवेत होते. किती वेळ तशी लोंबकळत होती कोण जाणे, पण वर आल्यावर तिने मागे वळून पाहिलं नाही. तपासलेले अकरा उचलले आणि खाली पळाली. उरलेले नऊ दरडीखाली गेले, असं तिने कचेरीत सांगितलं.

इथवर ठीक होतं. पण कचेरीचा नियम असा, की शून्य लिहिलं तर त्याच जागी पुन्हा तीन दिवस पाहणी करायची. सापडला म्हणून लिहिलं की त्या जागेचं काम संपलं. तिने पेन उचललं. शून्य लिहायचं म्हणजे पुन्हा तो कडा. तिने दोन लिहिले.

मॅडमनी फाइल दिली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी ठिपकेबाई एकच पातेलं तिसऱ्यांदा घासत होती, तेव्हा मोठ्या नणंदेने ते हातातून काढून घेतलं. नणंद निवृत्त नर्स. स्वतःचा नवरा गेल्यापासून ती ठिपकेबाईच्या घरीच राहायची. तिच्यापासून काही लपत नसे.

"बोल आता. भांडं झिजलं."

ठिपकेबाईने सगळं सांगितलं.

"म्हणजे न बघताच दोन उंदीर जन्माला घातलेस," नणंद म्हणाली. "बाळंतपण सोपं झालं की. जाऊन सांग मॅडमना."

"नोकरी जाईल, ताई."

"मग काय करणार आहेस?"

"आधी जाऊन बघते. असतीलही तिथे. असले, तर मी खोटं लिहिलं असं नाही ना होणार?"

"एकटी जाऊ नकोस," नणंद एवढंच म्हणाली.

ठिपकेबाईने रजा टाकली आणि दोघी निघाल्या. नदीकाठच्या पंपघराच्या रखवालदाराने एक खोली दिली. नणंदेच्या गुडघ्याची शस्त्रक्रिया झालेली, तिला चढणं शक्य नव्हतं. ती घळीच्या तोंडाशी दगडावर बसे, गळ्यात शिट्टी अडकवून.

"काही झालं तर तुम्ही वर कशा येणार?"

"नाही येणार. पण मी इथे आहे हे तुला ऐकू तरी येईल."

पहिली सकाळ, वीस सापळे रिकामे. दुसरी सकाळ, एकात साधा घरउंदीर, पंपघराकडून आलेला. ठिपकेबाई बसून, हातांनी चाचपत वर जाई. प्रत्येक खडा सरकला की तिचे कान बंद होत, तोंडाला कडू चव येई. खालून दर पाच मिनिटांनी शिट्टी वाजे, आणि मग ती पुढचं पाऊल टाके.

तिसऱ्या दिवशीही काही नव्हतं. उरली होती ती जुनी सरकलेली दरड. त्या बाजूला ती दोन्ही दिवस फिरकली नव्हती. आज गेली. दोन दगडांच्या फटीत पत्र्याचा कोपरा दिसला.

तिचाच जुना सापळा. शेजारी आणखी दोन, तोंड उघडं राहिलेले, चेपलेले. हा मात्र बंद होता. तिने तो उचलला, तर आत काहीतरी खुळखुळलं. झाकण गंजून बसलं होतं, सुरीने उचकटलं. आत वाळलेल्या गवताचा गोळा, नखाएवढी कवटी, काड्यांसारखी हाडं आणि पत्र्याला चिकटलेला पांढऱ्या केसांचा झुपका.

ती खालीच बसली. ती कड्यावरून पळाली, तेव्हा हा आत जिवंत होता. ऊन वर आल्यावर पत्रा तापला असेल. बाहेर यायला त्याने किती वेळ धडपड केली असेल, ते पत्र्यावरच्या ओरखड्यांवरून दिसत होतं. आजवर तिने कड्याची भीती बाळगली होती, मग पकडलं जाण्याची. ही तिसरी होती, आणि हिच्यापासून पळायला वाट नव्हती. खालून शिट्टी वाजत राहिली, उत्तर मिळेना तशी जोरात वाजू लागली. शेवटी ती उतरली.

नणंदेने हाडं पाहिली, चष्मा पुसून पुन्हा पाहिली.

"म्हणजे तुझा ठिपका खराच निघाला," ती हळू म्हणाली. "तू गप्प बसलीस तर कुणाला कळायचं नाही. मी तर कुणाला सांगणार नाही."

"तेव्हा होता, ताई. आता नाही. आणि ह्याला मी कोंडून गेले."

नणंदेने आपला रुमाल काढून सापळा त्यात बांधला.

सोमवारी मॅडमच्या दारापर्यंत ती दोनदा जाऊन परतली. तिसऱ्यांदा आत गेली आणि रुमाल टेबलावर ठेवला. सांगताना आवाज इतका बारीक झाला, की मॅडमना दोनदा "काय?" विचारावं लागलं.

सगळं ऐकून झाल्यावर मॅडमनी झुपकेशेपट्याची फाइल पुढे ओढली.

"तुमच्या एकूण नोंदी किती?"

"एकशे बारा."

"खऱ्या किती?"

"एकशे अकरा."

"ते मी आता कशावरून मानायचं?"

ठिपकेबाईने रुमाल मॅडमच्या बाजूला सरकवला.

कवटीचे दात संग्रहालयात तपासले गेले, झुपकेशेपट्याच होता. नकाशावर त्या घळीपाशी आता पोकळ वर्तुळ आहे. पूर्वी होता, आता आढळत नाही, असा त्याचा अर्थ. भरीव ठिपके पाच. प्राणी संकटग्रस्तांच्या यादीत गेला आणि खाणीचा अर्ज परत आला. ठिपकेबाईची नोकरी राहिली, पण लेखी ताकीद मिळाली आणि नकाशाचं काम दुसऱ्याकडे गेलं. तिच्या उरलेल्या एकशे अकरा नोंदी पुन्हा तपासायचं ठरलं. प्रत्येक जागी तिने सोबत जायचं आणि तिच्या आकड्याशेजारी दुसऱ्याने सही करायची.

हे काम अजून चालू आहे. डोंगरउतारावर ती बसूनच सरकते, सोबतचे लोक थांबून वाट पाहतात, कुणी हसतंही. आदल्या रात्री तिला अन्न जात नाही. आजवर त्रेचाळीस जागा झाल्या, एकेचाळीस ठिकाणी प्राणी सापडला. दोन ठिकाणी नाही. ते प्राणी तिथून गेले, असं ती मॅडमना म्हणाली. मॅडमनी मान डोलावली. त्यांचा विश्वास बसला की नाही, ते तिला कळलं नाही, आणि विचारायची तिची हिंमत झाली नाही.