डिकीत जागा नाही

"डिकीत जागा नाही गं." लग्न होऊन रावेतला आले तेव्हापासून मी हे वाक्य ऐकते आहे आणि अजूनही ते कानावर पडलं की माझं डोकं फिरतं. म्हणायचा माझा नवरा, आणि म्हणायचा ते त्याच्या बहिणीला. लग्न असो, बारसं असो, कुणाची वास्तुशांत असो, सासूबाई, सासरे, नवरा आणि मी असे चौघं आवरून दाराशी आलो की एवढं एक वाक्य बोलायचं आणि तिला घरी ठेवून निघायचं.

ती माझी नणंद. लहानपणी पोलिओ झाला आणि दोन्ही पायांतलं बळ गेलं. व्हीलचेअरवर असते. वयाने माझ्याएवढीच, पण घरच्या रीतीप्रमाणे मी तिला ताई म्हणते आणि ती मला वहिनी, बाकी आमचं अगं-तुगंच चालतं. दहावीच्या मुलांच्या गणिताच्या शिकवण्या घेते. आवाज असा खणखणीत की भूमितीची प्रमेयं एव्हाना खालच्या मजल्यावरच्या बाईंनाही पाठ झाली असतील. दवाखान्यात जायचं तर रिक्षाने जाते, घडी केलेली खुर्ची पायाशी धरून. रिक्षात जी खुर्ची मावते ती आमच्या गाडीत मावायची नाही, कारण गाडीला सीएनजी बसवलेला होता आणि डिकीत आडवी टाकी झोपलेली होती. वर कॅरिअर लावू या म्हटलं तर गाडीचं रूप जातं. गाडीच्या रूपाची काळजी आमच्याकडे फार.

आमच्या नात्यात कुणी कार्याला आलं नाही तर त्याचा मान राहून जाऊ नये म्हणून साडी घरी पाठवतात. ताईच्या कपाटाचा एक अख्खा कप्पा अशा साड्यांनी भरला आहे. ही अमकीच्या लग्नातली, ही तमकीच्या डोहाळजेवणातली, असं ती हसत सांगते. त्यांतल्या एकाही कार्याला ती गेलेली नाही. मला ते हसणं सहन होत नाही.

तर गेल्या दसऱ्याच्या आधी घरात नवी गाडी घ्यायचं ठरलं. नवऱ्याला सनरूफ हवं होतं. का, ते त्यालाही सांगता येईना. सासऱ्यांना उंच गाडी हवी होती, गावकीत उतरताना चार माणसांनी वळून बघितलं पाहिजे अशी. मी म्हटलं, मला डिकी हवी. तिघांनी माझ्याकडे असं बघितलं जणू मी पातेल्याचं झाकण निवडायला निघाले होते.

डिकीतलं मला जरा कळतं. चाकणला ज्या छोट्या कंपनीत मी नोकरी करते तिथे आम्ही डिकीत अंथरायची कार्पेटं बनवतो आणि ती तपासायचं काम माझ्याकडे आहे. त्यांतली काही चांगली लांबलचक असतात. ती परदेशी जाणाऱ्या गाड्यांची. त्या गाड्यांची पाठ लांब असते, छत शेवटपर्यंत सरळ जातं, आणि तिकडची माणसं म्हणे मुलंबाळं, कुत्री, सायकली सगळं कोंबून सुट्टीला जातात. त्या डिक्यांची कार्पेटं रोज माझ्या हाताखालून जातात आणि आमच्या इथल्या शोरूममध्ये तसली एक गाडी उभी नसते. आपल्याला पुढून दांडगी दिसणारी गाडी लागते. मागे काय मावतं ते नंतर बघू.

शोरूमला जाताना मी ताईची खुर्ची घडी करून मागच्या सीटवर टाकली. नवरा म्हणाला, "हे कशाला?" मी म्हटलं, "साडी घेताना अंगावर लावून बघतो ना आपण? तसं."

तिथल्या सेल्समनने आधी सनरूफ उघडून दाखवलं, मग बंद करून दाखवलं. मी डिकी उघडायला सांगितली. तो डिकीची मापं लिटरमध्ये सांगायला लागला. "अहो, मला काय दूध भरायचंय का त्यात?" मी खुर्ची उचलली आणि आत घातली. आडवी जाईना. तिरकी घातली तर दार लागेना. दुसऱ्या गाडीत सीएनजीची टाकी. तिसरीत मागे आणखी दोन सीटं. ती पाडली की खुर्ची आरामात बसत होती, पण नवरा म्हणाला, सात सीटांची गाडी घेऊन दोन सीटं कायम पाडून ठेवायची का? खुर्ची घेऊन मी गाडीमागून गाडी पालथी घालत होते आणि दसऱ्याच्या गाड्या बुक करायला आलेली आजूबाजूची मंडळी बाजूला सरकत होती. शेवटी तो सेल्समन अगदी हळू आवाजात म्हणाला, "मॅडम, नव्या गाडीपुढे अजून नारळ पण फुटलेला नाही. त्यात आधी हे... बरं दिसत नाही."

"हे म्हणजे काय?" मी विचारलं. नवरा माझं कोपर धरून कुजबुजला, "चल ना आता. लोकं बघतायत." सेल्समनचा मला तेवढा राग नाही आला. तो परका होता. पण नवऱ्याच्या बहिणीची ती खुर्ची होती, तिला 'हे' म्हणणाऱ्या माणसापुढे त्याने माझंच कोपर धरावं? मी खुर्ची उचलून बाहेर आले आणि सबंध रस्ताभर त्याच्याशी बोलले नाही.

मग मीच शोधायला लागले. आकुर्डीत जुन्या गाड्या विकणाऱ्या एकाकडे मला ती सापडली, लांब पाठीची, सरळ छताची. आधीचे मालक बदली होऊन गेलेले. गाडी नीट ठेवलेली, पण कुणी बघायलाही येत नव्हतं. डिकी उघडली आणि मी खुर्ची आत ठेवली. घडीसुद्धा न करता ठेवली. दार बिनतक्रार लागलं. त्या दाराचा आवाज ऐकून मला तिथेच रडू आलं.

घरी गोंधळ माजला. सासरे बघून आले आणि कोचावर बसत म्हणाले, "ही कसली गाडी? मढं न्यायची वाटती. आमी न्हाई बसायचो हिच्यात." नवरा म्हणाला, सेकंडहँड? आणि सनरूफ नाही? सासूबाई नुसत्या माझ्याकडे बघत राहिल्या. ते बघणं मला तेव्हा कळलं नाही. मी निक्षून सांगितलं, दुसरी कुठली गाडी आणलीत तर मी तिच्यात पाय ठेवणार नाही, आणि तुमच्या कुठल्या कार्यालाही येणार नाही. कार्यात सून हवीच असते. वाढायला, आहेर मांडायला, सासूबाईंच्या गुडघ्यांना आधार द्यायला. गाडी आली.

पहिल्या संध्याकाळी मी आणि ताई दोघीच निघालो. नवा पूल ओलांडून आकुर्डीला गेलो, गाडीत बसून भेळ खाल्ली. मग उगाचच संत तुकाराम नगरपर्यंत जाऊन आलो. ती सारखी मागे वळून बघत होती. "वहिनी, आपली खुर्ची किती एकटी पडलीय गं तिथे," म्हणाली. मी पोट धरून हसले. आता झालं, असं मला वाटलं. खरंच वाटलं.

डिसेंबरात सासूबाईंच्या बहिणीच्या नातीचं लग्न निघालं, नारायणगावच्या कार्यालयात. आदल्या संध्याकाळी मी ताईच्या केसांना मेंदी लावली. सकाळी तिने कपाटातली एक साडी काढली, मोरपंखी, कुणाच्या तरी लग्नातली, घडी न मोडलेली. नेसायला वेळ लागला, पण नेसली. आम्ही दोघी लिफ्टने पार्किंगमध्ये उतरलो.

डिकी उघडी होती आणि काठोकाठ भरलेली होती. लाडू-चिवड्याचे डबे, पाण्याच्या बाटल्यांचे खोके, आहेराचा पितळी हंडा, दोन गाद्या. आणि त्यावर, मी डोळ्यांनी पाहिलं म्हणून सांगते, प्लास्टिकच्या चार घडीच्या खुर्च्या.

"आज सामान जास्त आहे," नवरा म्हणाला, आणि मग ताईकडे न बघता, त्याच जुन्या आवाजात, "डिकीत जागा नाही गं."

ताई लगेच म्हणाली, "राहू दे, वहिनी. माझी दुपारी शिकवणी आहे." रविवारी तिची शिकवणी नसते. आम्हा सगळ्यांना ते माहीत होतं.

माझ्या अंगाची आग झाली. मी विचारलं, "चार खुर्च्या कशाला? मंगल कार्यालयात खुर्च्या नसतात का?" सासूबाई म्हणाल्या, "आसू दी. लागत्यात कवा कवा." मी पुढचं ऐकलं नाही. आधी त्या चार खुर्च्या काढून पार्किंगच्या खांबाला लावल्या. मग गाद्या. मग खोके. नवरा म्हणत होता, "अगं काय चालवलंयस? वॉचमन बघतोय." बघू दे. वॉचमनने येऊन गाद्या उचलायला हात लावला, तेवढीच त्या सकाळची माणुसकी. डिकी रिकामी केली, ताईला पुढच्या सीटवर बसवलं, खुर्ची मागे ठेवली आणि मी स्टिअरिंगवर बसले. "ज्यांना यायचंय त्यांनी बसा. जे न्यायचंय ते मांडीवर घ्या."

तिघंही मागे बसले. सासऱ्यांच्या मांडीवर लाडवांचा डबा, नवऱ्याच्या मांडीवर तो पितळी हंडा. चाकणच्या चौकात नव्या गाड्या लादलेल्या ट्रेलरमागे आम्ही कितीतरी वेळ अडकून पडलो. हंडा ह्या मांडीवरून त्या मांडीवर होत होता. मला त्याचं वाईट वाटलं नाही.

कार्यालयाच्या दारात मावशी, म्हणजे सासूबाईंच्या बहीण, उभ्या होत्या. ताईला बघून त्यांचा चेहरा आधी फुलला आणि मग गोंधळला. "अगं बया, तू आलीस व्हय! तुझी साडी तर मी परवाच बांधून ठिवली. तुझ्या आईचा फोन आला हुता, ती न्हाई येनार म्हनून." आणि खरंच त्यांनी आतून एक पिशवी आणली, गाठ मारलेली.

परवा. परवा डिकी रिकामी होती. परवा गाद्या माळ्यावर होत्या आणि त्या चार खुर्च्या गॅलरीत होत्या.

मी सासूबाईंना हात धरून मांडवाच्या बाजूला नेलं. आवाज चढू नये म्हणून दात आवळून विचारलं, "का?" त्या पदराशी चाळा करत राहिल्या. मग म्हणाल्या, "नवरदेवाकडची मानसं हायती. घरात कुनाला काय हाय का, इचारत्यात. पोरीचं वाईट व्हाया नगं."

"पोलिओ काय मांडवात पसरतो?"

"मला कळतं गं. लोकांला कळत न्हाई." त्यांचे डोळे भरले होते. इतर कुठल्या दिवशी मी विरघळले असते. त्या दिवशी नाही. लोकांना कळत नाही म्हणून पोटच्या मुलीला इतकी वर्षं कोंडून ठेवायचं, आणि त्याचं खापर एका डिकीवर फोडायचं! नवऱ्यालाही हे माहीत होतं. मी शोरूममध्ये खुर्ची घेऊन फिरत होते, आकुर्डीत डिकीचं दार लावून रडत होते, तेव्हाही माहीत होतं.

आणि ते लोक? नवरदेवाकडच्या एक बाई ताईजवळ येऊन बसल्या खऱ्या. त्यांनी विचारलं, शिकवणी कुठे घेता, आमचा नातू गणितात फार कच्चा आहे.

जेवायला मी ताईच्या शेजारी बसले. मावशींनी दिलेली पिशवी तिने खुर्चीच्या दांड्याला अडकवली होती, गाठ न सोडता. माझं तोंड बघूनच तिला समजलं असावं. "फोनचं ना?" ती म्हणाली. "मावशी बोलली तेव्हाच ऐकलं मी."

"मी ह्यांना सोडणार नाहीये," मी म्हटलं.

तिने भात कालवला. मग म्हणाली, "वहिनी, खरं सांगू? ही गाडी आली ना, त्या दिवशी मला भीती वाटली होती."

"कसली?"

"आधीची डिकी लहान होती. तोवर मला सगळा राग त्या डिकीवर काढता येत होता."

एवढं बोलून तिने वाढप्याला हाक मारली आणि मठ्ठा मागितला. तिचा आवाज नेहमीसारखाच खणखणीत होता.