सुरूला बांधलेली होडी

कॉलेजात वादळाच्या तयारीचं दोन दिवसांचं प्रशिक्षण झालं, तेव्हा मी दुसऱ्या वर्षाला होते. आमच्या घरात दहावीच्या पुढे गेलेली मी पहिलीच. तिथे मिळालेला छापील कागद मी जपून बुरोंडीला आणला.

मे संपता संपता वादळाचा इशारा आला. बाबा होडी दाभोळच्या खाडीत न्यायला निघाले. अशा वेळी होडी खाडीत, तिवरांच्या दाटीत शिरवून ठेवायची, हे आजोबांपासूनचं. पण समुद्र खवळायला लागला होता. खरं सांगायचं तर, बाबा त्यात जायला नको होते मला.

"बाबा, कागदात लिहिलंय. होडी पाण्यापासून लांब ओढायची आणि घट्ट बांधायची."

"कशाला बांधायची गो? तुझ्या कागदाला?" शेजारचे काका हसले.

मी पुळणीवरच्या सुरूच्या झाडांकडे बोट दाखवलं.

बाबांनी दोर उचलला. मग काकांना म्हणाले, "शिकलेय ती. धर दोर."

काकांनी हात लावला, पण स्वतःची होडी खाडीतच नेली.

वादळात आम्ही गावच्या शाळेत होतो. वारा पडल्यावर धावत गेलो. ज्या सुरूला होडी बांधली होती, तोच मुळासकट उन्मळून तिच्यावर आडवा पडला होता. फळ्या फुटून कणा मोडला होता. पुळणीत सुरूची मुळं खोल जात नाहीत, हे इथलं लहान पोरही सांगेल. मलाही ठाऊक होतं. पण हातात कागद होता, तेव्हा ते आठवलं नाही. कागदात सुरूचं नावही नव्हतं. ते मी माझ्या मनाने घातलं होतं.

लोक जमले. कुणी काही बोलण्याआधीच बाबा म्हणाले, "दोर मीच बांधला." माझ्याकडे त्यांनी पाहिलं नाही.

काकांची होडी खाडीत शाबूत राहिली होती; त्यानंतर बाबा तिच्यावर खलाशी म्हणून जायला लागले.

यंदा पुन्हा इशारा आला. मंदिरापुढे जमलेल्या गावकऱ्यांना मी कागद वाचून दाखवला. एकाने विचारलं, "मग होड्या ठेवायच्या कुठे?"

"ते बाबांना विचारा," मी म्हटलं. "त्यांना कळतं."

सगळे बाबांकडे वळले. ते मागे उभे होते.

"मला कशाला विचारता?" ते म्हणाले. "होडीवाल्यांना विचारा."

आणि चपला शोधायला लागले.