रफूआत्यांचा उजवा डोळा

माझ्या मुलीने लहानपणी माझ्या नणंदेला रफूआत्या म्हणायला सुरुवात केली आणि बघता बघता अख्खी गल्ली त्यांची भाचरं झाली. फळवालासुद्धा त्यांना रफूआत्या म्हणतो, आणि तो त्यांच्याहून चांगला मोठा आहे. मी मात्र वन्संच म्हणते.

कोपऱ्यावरच्या लाँड्रीत, इस्त्रीच्या टेबलामागे, खिडकीला लागून त्यांचं स्टूल. खिळ्याला अडकून फाटलेली बाही, कसरीने खाल्लेली शाल, सिगारेटने भोक पडलेली पँट तिथे येते, आणि परत जाताना नेमकं कुठे फाटलं होतं ते मालकालाही सांगता येत नाही. आतल्या शिवणीतून धागा काढता आला तर उत्तम, नाहीतर त्यांचा रिळांचा डबा असतो. रंग ठरवायचा तो दिवसाच्या उजेडात. ट्यूबलाइट तोंडदेखलं बोलते, असं त्यांचं मत आहे. लग्न केलं नाही, भावाकडे राहिल्या, पण आजवर स्वतःचा चहा स्वतःच्या कमाईतला प्यायल्या, आणि अधूनमधून आम्हालाही पाजला.

त्यांना लाड माहीत आहेत ते एकाच जिवाचे. घर बदलणाऱ्या एका गिऱ्हाइकाने दिलेलं, जाड, रसरशीत पानांचं एक झाड. ते स्वयंपाकघराच्या खिडकीत असतं. माती पार कोरडी झाल्याशिवाय त्याला पाणी नाही, आणि त्यांच्याशिवाय कुणी घालायचं नाही.

एके दिवशी त्या झाडापुढे उभ्या राहून म्हणाल्या, "हे पिवळं पडतंय. पाणी कोण घालतं याला?"

"कोणी नाही. आणि हिरवंगार तर आहे."

"हिरवंगार? तुझं लक्ष कुठं असतं घरात?"

दाराशी बसून बूट घालणारे माझे यजमान म्हणाले, "मलाही हिरवंच दिसतंय, ताई."

"तुला काय कळतंय. तू लग्नात दोन रंगांचे मोजे घातले होतेस."

यजमानांनी बूट काढून मोजे तपासले. झाडाची कुंडी बदलली, पाणी आणखी कमी झालं, आणि शेवटी ऊन मिळावं म्हणून ते गॅलरीच्या कठड्याशी गेलं. वन्संना ते पिवळंच दिसत राहिलं. आम्हाला वाटायचं, वयानुसार हट्ट वाढतोय.

मग एका सकाळी तोंड धुताना त्यांच्या डोळ्यात साबण गेला. उजवा डोळा पदराने दाबून त्या तशाच गॅलरीत गेल्या आणि झाडापुढे थबकल्या. पदर काढला, डावा डोळा मिटला. डावा उघडला, उजवा मिटला. पुन्हा तेच.

"वन्सं, झाडाला डोळा मारताय का?" मी आतून विचारलं.

त्या हसल्या नाहीत. "अगं, डावीकडून हिरवं आहे," म्हणाल्या. "उजवीकडून पिवळं."

मला कळायच्या आत त्यांनी चपला घातल्या होत्या. मी मागोमाग गेले, कारण त्यांच्या चेहऱ्याचा रंग मात्र मला लांबूनही दिसत होता. लाँड्रीत एक गडद निळा कोट प्लास्टिक चढवून टांगला होता, गिऱ्हाईक दुपारी न्यायला येणार होतं. त्यांनी प्लास्टिक काढलं, कोट खिडकीशी नेला आणि उजवा डोळा मिटून कोपर पाहिलं. मग तो माझ्यापुढे धरला.

निळ्या कापडात काळा धागा. विणकाम असं की बोट फिरवलं तर लागणार नाही. पण काळा.

लाँड्रीचे मालक इस्त्री उभी ठेवून आले. "ताई, कोपराच्या मागे आहे ते. कोण बघणार?"

"मी बघितलं ना."

"गिऱ्हाइकाला कशाला सांगायचं पण? उद्या बाहेर कळलं की तुमची नजर..." वाईट मनाने बोलत नव्हते ते. त्या स्टुलावर वन्सं नसतील तर काय, हा प्रश्न त्यांनाही पडला असणार.

"नजर गेली तर स्टूल दुसऱ्याला द्या," वन्सं म्हणाल्या. "काळा धागा घालून निळं म्हणून नाही द्यायचं."

त्यांनी रफू उसवायला घेतलं. जे एकेक धागा घालून केलं होतं ते एकेक धागा काढून सोडवलं, आणि रिळांचा डबा माझ्यापुढे सरकवला. "निळा काढ. डाव्याचाही भरवसा काय सांगावा? तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नाही, पण सध्या तेच आहेत."

मी काढलेली रिळं त्यांनी तीनदा परत पाठवली. स्वतःला रंगाचा भरवसा नसतानाही. माझा हात डब्यात किती वेळ घुटमळतो यावरून त्यांना माझी खात्री कळत होती. दुपारी गिऱ्हाईक आलं तेव्हा त्यांनी चूक सांगितली, कोट उद्या मिळेल म्हणाल्या, आणि वर हेही सांगितलं की उजव्या डोळ्यात मोतीबिंदू असावा, तो काढेपर्यंत रंगाचं काम घेणार नाही. मालक कपाळाला हात लावून इस्त्रीकडे वळले. गिऱ्हाईक मात्र कोट ठेवून गेलं.

मोतीबिंदूच होता. ऑपरेशन झालं. मधले दिवस वन्संनी घरात कुणाशी धड वाद घातला नाही, त्यामुळे आम्हा सगळ्यांना करमेना. डोळा बरा होईल असं डॉक्टर म्हणाले होते. रंग परत येतील का, हे विचारायला त्या धजल्या नव्हत्या. मी विचारते म्हटलं तर म्हणाल्या, "राहू दे. डबा सांगेल."

डॉक्टरांनी कामाला परवानगी दिली त्या सकाळी त्या डबा घेऊन गॅलरीत गेल्या. ऑपरेशननंतर झाडाकडे पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि दचकल्याच.

"हे लाल कधी झालं?"

खरंच झालं होतं. नुसत्या कडा, पानांवर कुणी बारीक गोट लावावा तशा.

"तुम्ही उन्हात ठेवलंत तेव्हापासून हळूहळू," मी म्हटलं. "आजारी वगैरे नाही, उन्हाने होतं म्हणे. सावलीत घेऊ का?"

"चांगलं दिसतंय. राहू दे."

डबा उघडून त्यांनी लाल रंगाची रिळं बाजूला काढली. एक पानाशी धरलं, ठेवून दिलं. दुसरं धरलं, तेही ठेवलं. तिसऱ्याचा धागा ओढून तोडला, पानाच्या कडेवर बोटाने बसवला आणि हात मागे घेतला. बराच वेळ बघत राहिल्या. मग मला हाक मारली.

"कुठाय सांग."

मी वाकले. पान पाहिलं, शेजारचं पाहिलं, चष्मा पुसून पुन्हा पाहिलं. मला धागा सापडेना.

"तुझ्या डोळ्यांवर माझा विश्वास नव्हताच," असं म्हणून त्यांनी डब्याचं झाकण लावलं आणि चपला शोधायला लागल्या.