आईच्या नावाचा बाप्तिस्मा

आई गेली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझी धाकटी बहीण बाबांकडे परवानगी मागायला आली. तिला आईचा बाप्तिस्मा करायचा होता.

बहीण मॉर्मन आहे. नागपुरात हे सांगितलं की लोक आधी पुन्हा विचारतात, मग म्हणजे ख्रिश्चन का, असं विचारतात आणि मग विषय बदलतात. ती नर्स आहे. हैदराबादला नोकरीला असताना सोबतच्या एका नर्सबरोबर ती त्यांच्या प्रार्थनेला जाऊ लागली. तीन वर्षांनी नागपूरला परतली ती चहा सोडूनच. त्यांच्यात चहा, कॉफी, दारू, तंबाखू काहीच चालत नाही. महिन्यातला एक रविवार उपास, आणि त्या उपासाचं वाचलेलं गरिबाला. आईनं तिला कधी काही विचारलं नाही. सगळ्यांचा चहा मांडला की ती हिच्यासाठी वेगळं दूध चढवायची, विलायची घालून.

बाबांना मात्र उत्सुकता होती. आमचं मूळ गाव नरखेड तालुक्यात. छप्पन साली आजोबांनी दीक्षा घेतली तेव्हा बाबा त्यांच्या खांद्यावर होते. त्यातलं त्यांना फक्त पांढऱ्या कपड्यांची गर्दी आठवते, तरी त्यांच्या आयुष्यातली सगळ्यात मोठी गोष्ट तीच. धर्म बदलणाऱ्या माणसाला ते हसत नसत. बहिणीनं त्यांना सांगितलं होतं, दोनशे वर्षांपूर्वी अमेरिकेत शेतकऱ्याचा एक पोरगा कोणता पंथ खरा हे देवाला विचारायला जंगलात गेला, त्याला दर्शन झालं, पुढे त्याला सोन्याच्या पत्र्यांवर लिहिलेला ग्रंथ सापडला. ते बाबांनी ऐकून घेतलं. पण त्या लोकांना गावोगावून हाकलून दिलं आणि ते बायकापोरं, गाड्या घेऊन वाळवंटापर्यंत चालत गेले, हे ऐकल्यावर त्यांनी हातातला पेपर खाली ठेवला. मग कुठे राहिले, काय खाल्लं, विहिरी कोणी खोदल्या, असं बराच वेळ विचारत राहिले.

आईच्या शेवटच्या महिन्यांत बहिणीनंच सगळं केलं. आईला वॉकर धरून चालावं लागायचं. घरातल्या मधल्या बोळीतून ती स्वयंपाकघराकडे जायची तेव्हा आधी वॉकर टेकल्याचा ठक्क आवाज, मग डावा पाय घासल्याचा. पुढे तेही थांबलं आणि ती पलंगावरच राहिली.

एका दुपारी मी औषधं घेऊन आलो आणि दाराशीच थांबलो. आत बहीण आईशी बोलत होती. माझ्या आधी आईला एक मुलगी झाली होती. गावाला असताना तापानं गेली, पाच-सहा महिन्यांची. तिचा फोटो नाही, आणि आईनं आमच्यासमोर तिचा विषय कधी काढला नव्हता. बहीण सांगत होती की इतकं लहान लेकरू गेलं तर त्याला बाप्तिस्म्याचीही गरज नसते, त्याच्या माथी काही पापच नसतं. आणि पुनरुत्थान होईल तेव्हा ते आईच्या हाती परत येईल, वाढायचं राहिलं तिथून पुढे वाढायला.

आईनं मान तिच्याकडे वळवली. मग म्हणाली, “म्हणजे ते अजून तेवढीच हाय?”

“होय, आई.”

“आन् मीच वाढवीन तिले?”

“तूच.”

मी बहिणीला बाहेर बोलावलं. मी शाळेत विज्ञान शिकवतो. मरणाऱ्या बाईला असल्या गोष्टी कशाला सांगतेस, असं मी तिला विचारलं. ती म्हणाली, “दादा, मले ते खरं वाटते म्हणून सांगून राहिली. खोटं वाटलं असतं तर आईपाशी बोलली नसती.”

त्या दिवसापासून आई पलंगाच्या कडेला निजू लागली. भिंतीच्या बाजूनं हातभर जागा मोकळी. पडेल म्हणून आम्ही तिला मध्ये सरकवायचो, जरा वेळानं ती पुन्हा कडेला. गेली तेव्हाही तशीच होती, एक हात त्या मोकळ्या जागेवर ठेवलेला.

वॉकर आम्ही पुढच्या महिन्यात गल्लीतल्या एका आजींना देऊन टाकला. तरी मला तो ऐकू यायचा. दुपारी, शाळेतून आल्यावर, कूलर बंद असला की. ठक्क, मग पाय घासल्याचा. मी त्याची कारणं शोधली. नळाचा पाइप, वरच्या मजल्यावरचे भाडेकरू, उन्हानं तापलेला पत्रा. ती सगळी कारणं मला पटलीही होती. पण एका दुपारी बाबा बोळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसले होते, आणि तो आवाज आला. बाबांनी मान वर केली नाही. फक्त खुर्ची उचलून बाजूला सरकवली, कोणाला वाट करून द्यावी तशी.

अशा घरात बहीण परवानगी मागायला आली. त्यांच्यात मेलेल्या माणसासाठी जिवंत माणूस पाण्यात उतरतो, त्याच्या नावानं बाप्तिस्मा घेतो. बायकांसाठी बायका, पुरुषांसाठी पुरुष. हे फक्त त्यांच्या मोठ्या मंदिरात होतं आणि तिला त्यासाठी बँकॉकला जायचं होतं, हैदराबादच्या काही कुटुंबांबरोबर. माणूस जाऊन फार काळ झाला नसेल तर मागे राहिलेल्या नवऱ्याचा किंवा बायकोचा होकार घ्यावा लागतो.

बाबा म्हणाले, हे श्राद्धच झालं. आजोबांनी दीक्षेच्या दिवशी शपथ घेतली होती की श्राद्ध करणार नाही, पिंड देणार नाही. मेलेल्याच्या मागे त्याच्या नावानं काही करायचं नाही. ती शपथ खांद्यावरच्या बाबांच्याही वतीनं होती.

बहिणीनं वाद घातला नाही. बाहेर ऊन होतं, ती पाणी पिऊन उठली. दारापर्यंत गेल्यावर बाबांनीच तिला थांबवलं.

“तुह्या आईले कोणी इचारलं काय वं?”

“तिकडे तिलेच इचारतात, बाबा. आपण नुसतं दार उघडून द्याचं. जायचं का नाही, ते तिच्या मनावर.”

“नाही म्हणू शकते ते?”

“होय. नाही म्हटलं तर झालेला बाप्तिस्मा धरत नाही.”

बाबा बोळीकडे पाहत राहिले. मला वाटलं ते आता नकारच देतील. पण ते म्हणाले, “मंग जाय. तिले इचारल्याबिगर आजवर लय कामं केले म्या.”

ती पावसाळ्याच्या आधी जाऊन आली. आल्या आल्या आमच्याकडे आली. सगळ्यांना पांढरे कपडे देतात, तिनं सांगितलं, आणि बाप्तिस्म्याचा हौद बारा बैलांच्या पाठीवर उभा असतो. बाबांनी विचारलं, कायचे बैल? दगडाचे असतील, ती म्हणाली, हात लावून पाहिलं नाही. बाप्तिस्मा देणाऱ्याला आईचं नाव नीट उच्चारता येईना. तिनं त्याला पुन्हा पुन्हा म्हणायला लावलं, बरोबर येईपर्यंत. मग ती पूर्ण पाण्याखाली गेली आणि वर आली.

तिच्याबरोबरच्या बायका रडत होत्या. एकीला आजी शेजारी उभी असल्यासारखं वाटलं होतं. मी विचारलं, तुला काय वाटलं?

“काहीच नाही, दादा. थंड पाणी होतं.”

ती हे बाबांसमोरच बोलली. मला ती त्या क्षणी फार एकटी दिसली.

आवाज थांबला नाही. बहिणीनं तो एका दुपारी पहिल्यांदा ऐकला आणि तिचा चेहरा उतरला. तिच्या हिशेबानं आईनं आता इथं घोटाळायला नको होतं. बाबा तिला शांतपणे म्हणाले, “इचार करून राहिली असन. तिले वेळच लागे.”

मग दिवाळीच्या सुट्टीत, आम्ही तिघं जेवत असताना, बाबांनी विचारलं की ते गेल्यावर त्यांच्यासाठीही ती हे करणार का, आणि तेव्हा कोणाला विचारावं लागेल. बहिणीनं खरं ते सांगितलं. कोणालाच नाही, मूल म्हणून तिचा स्वतःचा होकार पुरतो. बाबांनी ताटावरचा हात थांबवला.

“तुह्या आईनं हो म्हटलं असन, तर करजो. आपल्या त्या गेलेल्या पोरीसाठी ते हो म्हणू शकते. तिनं नाही म्हटलं असन, तर मले इथंच राहू देजो.”

“पण ते मले कसं समजन, बाबा?”

“ते तू पाह्य,” बाबा म्हणाले आणि जेवू लागले.

आता बहीण रविवारी प्रार्थनासभा आटोपून येते. बाबांची नाडी पाहते, गोळ्या काढून ठेवते. मग स्वयंपाकघराच्या उंबऱ्यावर बोळीकडे कान लावून बसते, पंखाही लावू देत नाही. गेल्या रविवारी मी तिच्याशी बोलायला गेलो तर तिनं बोट ओठावर ठेवलं. मी तिथंच भिंतीला टेकून उभा राहिलो, आणि आम्ही दोघं ऐकत राहिलो.